उमरखेडहून आई-बाबांना घेऊन कॅम्परव्हॅनने समुद्राला : दहा दिवसांचा बेत कसा करावा?

ताई, तुमचा प्रश्न असा : माहेर उमरखेड तालुक्यात, आई-बाबांनी साठी ओलांडली, दोघांनीही आजवर समुद्र पाहिलेला नाही. कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने मिळते आहे, हाताशी दहा दिवस आहेत आणि मुंबई, पुणे, कोल्हापूर, गणपतीपुळे, मालवण, गोवा एवढं बसवायचं आहे. मुक्काम कुठे करायचे, गाडीत काय बघून घ्यायचं, हेही तुम्ही विचारलंय.

माझं गाव आर्णीजवळ आहे. शेती करतो आणि गावात वेल्डिंगचं वर्कशॉप चालवतो. अशा गाडीने आई-बाबांना घेऊन दोनदा कोकणात जाऊन आलोय. पहिल्या वेळी माझी यादी थेट तुमच्यासारखीच होती. समृद्धीने मुंबई, तिथून पुणे, मग खाली. सात दिवसांत दोन हजारांवर किलोमीटर गाडी हाकली. गणपतीपुळ्याला रात्री साडेनऊला पोचलो, अंधारात नुसता आवाज ऐकला आणि पहाटे पाचला पुढे निघालो, कारण कागदावर पुढचं गाव लिहिलेलं होतं. बाबांच्या पायांना सूज आली. आठवडाभर ते एकच विचारत होते, "आता किती रायलं?" त्यांना समुद्र दाखवायला नेलं होतं आणि दाखवले ते टोलनाके. ते मला अजून लागतं, म्हणून एवढं लांब लिहितोय.

आधी यादी छाटा. मुंबई, पुणे, गोवा काढून टाका, मालवणही पुढच्या खेपेला ठेवा. मालवणचा समुद्र म्हणजे १९८७ पासूनचं सागरी अभयारण्य, सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली. त्याला स्वतःचे चार दिवस लागतात. मोठ्या शहरात ही गाडी ओझं होते. ती लावायला जागा नसते, गल्लीत वळत नाही आणि आई-बाबा ट्रॅफिकमध्ये बसून कंटाळतात. मुंबई त्यांना रेल्वेने दाखवा.

आता रस्ता. आपल्याकडे लांब जायचं म्हटलं की हल्ली पहिलं नाव समृद्धीचं येतं. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण सुरू आहे, रस्ता उत्तमच. पण तुम्हाला तो आडवा पडतो. तुमच्या उमरखेडवरून जो महामार्ग जातो, तोच धरून राहिलात तर समुद्रच लागतो. नागपूर, वर्धा, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर, रत्नागिरी. रत्नागिरीत त्याच रस्त्याला मिऱ्या–नागपूर महामार्ग म्हणतात. मिऱ्या हे तिथलं बंदर. बाबांना निघण्याआधी हे जरूर सांगा. माझे बाबा ज्या रस्त्याकडेला उभं राहून आयुष्यभर यष्टीची वाट पाहत आले, तो समुद्रात जाऊन संपतो हे ऐकून ते दुसऱ्या वेळी आपणहून तयार झाले.

दुसरी गोष्ट, वेळ. कापसाची मोठी वेचणी आटोपली, तूर घरात आली की जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा मोकळा काळ, आणि किनाऱ्यावरही तेव्हा हवा बरी असते. दिवाळीच्या सुट्टीत आणि ३१ डिसेंबरच्या आठवड्यात जाऊ नका. गाडी उभी करायला वीतभर जागा मिळत नाही. पावसाळ्यात घाटात दरडी येतात आणि समुद्र खवळलेला असतो. उन्हाळ्याबद्दल एक सांगतो. आपल्याकडच्या ४५ अंशांत राहिलेल्या माणसाला वाटतं की कोकणातले ३४ अंश काहीच नाहीत. तसं नाही. तिथे घाम वाळत नाही. गाडीमालकाने छोटा कूलर देऊ केला तर घेऊ नका. कूलर कोरड्या हवेतच गारवा देतो, दमट हवेत तो उलट कोंदट करतो. तिथे पंखा आणि उघडी खिडकी लागते, खिडकीला मच्छरजाळी असली पाहिजे.

मुक्कामाचं आधी समजून घ्या, कारण सगळा बेत त्याच्यावर उभा राहतो. व्हिडिओंत आपण अमेरिका बघतो. तिथे किनाऱ्यावर सरकारी उद्यानं आहेत, गाडी लावायला आखलेली जागा मिळते, अनेक तळांवर वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असते आणि कॅलिफोर्नियात तर लोक सहा-सहा महिने आधी जागा राखून ठेवतात. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे अशाच गाड्यांतून होणाऱ्या पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात असे तळ उभारायची तरतूद आहे. पण वाटेत जागोजागी तळ मिळतील असं धरून निघू नका. आपली सोय आपल्या रीतीने होते : देवस्थानाचा भक्तनिवास, ढाब्याचं आवार, पेट्रोल पंप, आणि कोकणात घरगुती मुक्काम देणाऱ्यांचं अंगण. भक्तनिवासात एक खोली घ्यायची आणि गाडी आवारात लावायची. आंघोळ, संडास खोलीत होतो आणि ज्याला गाडीत झोपायचं तो गाडीत झोपतो. कोकणातल्या अंगणासाठी मी फोनवर सरळ विचारत असे, "गाडी आत येईल का? प्लगची एक जागा आणि पाणी मिळेल का? जेवण तुमच्याकडेच घेऊ." फार थोड्यांनी नाही म्हटलं. फक्त गाडीची उंची-लांबी आधी सांगा. कोकणातल्या वाड्यांच्या वाटा चिऱ्याच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जातात, वर आंब्या-फणसाच्या फांद्या असतात. आमची गाडी पावणेतीन मीटर उंच होती आणि एका वाटेवरून मला दोनशे फूट रिव्हर्स यावं लागलं. गाडीची उंची एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा.

मी गेलो तो बेत असा. पहिल्या दिवशी पहाटे निघून नांदेडला गुरुद्वाऱ्यात दर्शन, लंगरमध्ये जेवण, आणि संध्याकाळपर्यंत तुळजापूर. तुम्हाला उमरखेडहून हे तीनशेच्या आसपास पडेल. एवढं अंतर जातानाच्या वाटेवर या एकाच दिवशी आहे आणि ते पहिल्याच दिवशी असावं, कारण तेव्हा सगळे ताजे असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी भवानीचं दर्शन, सोलापूरला शेंगाचटणी आणि जेवण, मग मंगळवेढ्यावरून पंढरपूर. पंढरपूर हा थोडा वळसा आहे, पण विदर्भातल्या आईला या रस्त्याने न्यायचं आणि विठोबा चुकवायचा हे होणे नाही. मंगळवेढ्याला गाडी थांबवा. तिथे गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांचं जन्मगाव मेहुणाराजा, आपल्या बुलडाणा जिल्ह्यातलं. आमची आई तिथे बराच वेळ बसली. म्हणाली, "आपल्याकडचा माणूस किती दूर येऊन रायला होता, व माय." बेतात त्या जागेला आम्ही दहा मिनिटं ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी कोल्हापूर. शहरात गाडी घालू नका. बाहेर मुक्काम धरा आणि रिक्षाने अंबाबाई, रंकाळा करून या. चौथ्या दिवशी लवकर निघून आंबा घाट उतरायचा. या घाटातल्या रुंदीकरणाची स्थिती आदल्या दिवशी कोल्हापुरातच विचारून घ्या. घाट उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच ठेवायची. कॅम्परमध्ये पाण्याची टाकी, बॅटऱ्या, फर्निचर असं कायमचं वजन असतं. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापून हलके पडतात. न्यूट्रल तर कधीच नाही. चालक भाड्याचा असेल तर त्याला हे घाटाच्या माथ्यावर चहा पाजून सांगा.

मग गणपतीपुळ्याला तीन रात्री. ताई, या तीन रात्रींना हात लावू नका, बाकी काहीही बदला. तिथे एमटीडीसीचं निवासस्थान अगदी किनाऱ्याला आहे, आजूबाजूला घरगुती सोयही भरपूर. सकाळी मंदिर, डोंगराभोवतीची प्रदक्षिणा. एक दिवस मालगुंडला केशवसुतांच्या जन्मघरी जा, जवळच आहे. एक दिवस उलट रत्नागिरीत जाऊन टिळकांचं जन्मस्थान आणि थिबा राजवाडा पाहा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये राज्यावरून काढून इथे आणून ठेवलं, हा वाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. आमच्या बाबांना देवळांइतकाच तो वाडा लक्षात राहिला.

पण खरं कारण वेगळं आहे. दुसऱ्या खेपेला पहिल्या सकाळी बाबा पुळणीवर गेले आणि पाण्याच्या कडेला त्यांनी एक काडी रोवली. आपल्याकडे तलावाचं पाणी किती उतरलं ते बघायला रोवतात तशी. ओहोटी लागली होती. तासाभराने पाणी काडीपासून बरंच मागे गेलं. त्यांनी दुसरी काडी रोवली. मला विचारलं, "एवढं पानी गेलं कुठं?" शहाळी विकणाऱ्या म्हाताऱ्याने त्यांना समजावलं की संध्याकाळच्या आत परत येईल. बाबा दुपारी जेवून पुन्हा येऊन बसले आणि दोन्ही काड्या पाण्याखाली जाईपर्यंत उठले नाहीत. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते हे त्यांना शाळेतल्या पुस्तकासारखं सांगता आलं असतं. पण ते कळायला एका जागी सहा तास बसावं लागतं, आणि घर चाकांवर असलं की बसता येतं : मागे पलंग, चहा, औषधं, संडास सगळं शंभर पावलांवर.

भरतीचा अंदाज तिथले लोक तिथीवरून काढतात. तिथीला ३ ने गुणायचं, ४ ने भागायचं, तो भरतीचा तास. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण भिंतीवरचं कॅलेंडर बघून बेत करायला पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठं असतं. आणि हे कळकळीने सांगतो : गणपतीपुळ्याचा समुद्र पोहायचा नाही. तिथे तळ एकदम खोल जातो, पाण्याला ओढ आहे, माणसं बुडालेली आहेत. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं, आई-बाबांचा हात धरून. आणि गाडी पुळणीवर उतरवू नका, कोणी कितीही हौस दाखवली तरी. वाळू कडक दिसते, चाक रुतलं की भरती थांबत नाही.

सातव्या दिवशी जयगडला जा. तिथून तवसाळला जाणारी फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे नेते, रस्त्याचा मोठा वळसा वाचतो. आमच्या आईचा सगळ्यात आवडता भाग हाच. कॅम्परचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे आलेला असतो; ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त होतो आणि मागचा बंपर घासतो. बोटीवरच्या पोरांना आधी विचारा, ते फळी टाकतात किंवा थोडं थांबायला सांगतात. पलीकडे हेदवीला दशभुज गणेश आणि बामणघळ. ही कातळातली अरुंद भेग आहे, भरतीला पाणी तिच्यात घुसून उंच उसळतं. लांबूनच पाहायची, कातळ निसरडा आहे. पुढे वेळणेश्वर आणि मुक्काम गुहागरला. गुहागरच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि ती अंडी जाळी लावून राखली जातात. रात्री किनाऱ्यावर बॅटऱ्या, गाडीचे दिवे पाडू नका. पिल्लं उजेडाकडे भरकटतात.

परतीला चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर करत कराड. दुसऱ्या दिवशी तुळजापूर. दहाव्या दिवशी घर. परतताना कुठेही बघायला थांबायचं नाही असं ठरवून टाका.

आता गाडी. इथे माझं वर्कशॉपचं डोकं चालतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पहिल्यांदा नंबरप्लेट बघा. भाड्याने देण्याच्या गाडीची पाटी पिवळी, किंवा स्वतः चालवायला देत असतील तर काळ्यावर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. दुसरं, आरसी पुस्तक मागा. साध्या ट्रॅव्हलरमध्ये पलंग-स्वयंपाकघर बसवून आरटीओत नोंद न करता फिरवणारे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मी स्वतः असली कामं परत पाठवतो.

वीज. मालक म्हणेल "सगळं चालतं". हिशेब तुम्ही करा, घरच्या इन्व्हर्टरचाच आहे. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. ती निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हाती ९००. पंचवीस वॅटचे दोन पंखे रात्रभर आठ तास चालले तर ४००. दिवे, मोबाईल मिळून दीडशे. म्हणजे एक रात्र आरामात निघते, दुसऱ्या दिवशी गाडी चालली किंवा प्लग मिळाला की पुन्हा भरते. त्याच बॅटरीवर एसी लावलात तर तास-दीड तासात संपली. पहिल्या खेपेला आम्हाला दिलेली बॅटरी म्हातारी होती आणि रात्री एकला पंखे थांबले. ताब्यात घेताना दोन्ही पंखे आणि सगळे दिवे लावून तासभर चालवून बघा.

गॅस. हा धूर नाही, हवेपेक्षा जड आहे. गळला तर वर जात नाही, खाली तळाला साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूने बाहेर उघडणारं भोक असलं पाहिजे. नसेल तर मी ती गाडी घेणार नाही. आत शेगडी पेटवली की खिडकी उघडी, आणि झोपताना रेग्युलेटर बंद. आम्ही तर दुसऱ्या खेपेला आत फक्त चहा केला. घरून ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी, ठेचा, फुटाणे नेले होते. भाकरी बाहेर सावलीत बसून केल्या.

संडासाचा प्रश्न आईला विचारायला संकोच वाटेल, म्हणून तुम्हीच आधी बघा. बहुतेक गाड्यांत वीसेक लिटरच्या खालच्या डब्याचं पोर्टेबल कमोड असतं. चार माणसांना ते रात्रीपुरतं. सकाळी भक्तनिवासाच्या किंवा घराच्या संडासात रिकामं करायचं, नाल्यात किंवा शेतात नाही. आत चढायची पायरी उंच असते, आईच्या गुडघ्यांसाठी एक मजबूत पाट घ्या. पाणी शंभर लिटर म्हणजे शंभर किलो वजन, तेव्हा घाटाआधी टाकी निम्मी ठेवा आणि खाली उतरल्यावर भरा. पिण्याचं वेगळं. आणि चालत्या गाडीत पलंगावर कोणी आडवं व्हायचं नाही. सगळ्यांना पट्ट्यासह सीट आहे का हे मोजून घ्या. दर दोन तासांनी गाडी थांबवून आई-बाबांना दहा मिनिटं चालवा, म्हणजे पाय सुजत नाहीत. परत देण्याआधी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, खाऱ्या हवेने पत्रा खातो.

खर्चाचा अंदाज : आमची गाडी लिटरला दहा किलोमीटर द्यायची, फिरणं धरून अठराशे किलोमीटर झाले, म्हणजे एकशे ऐंशी लिटर डिझेल. त्यावर टोल आणि भाडं. भाडं ठरवताना दिवसाचे किलोमीटर किती धरलेत आणि चालकाचं जेवण-झोपणं कोणाकडे, हे लिहून घ्या.

एक सांगायचं राहिलं. चौथ्या दिवशी कोल्हापूरहून येताना हातखंब्यापुढे बरेच जण निवळीवरून आतल्या रस्त्याने सरळ गणपतीपुळ्याला जातात. तुम्ही रत्नागिरीत जा आणि तिथून आरे-वारेच्या रस्त्याने वर या. रस्ता अरुंद, वळणाचा आहे, पण उजेडात सावकाश होतो. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. रत्नागिरी सोडताना चालकाशेजारच्या डाव्या सीटवर आईला बसवा आणि बाबांना तिच्या मागच्या खिडकीशी. दुपारी चारच्या सुमारास पोचा. वळणावर चढ संपला की खाली दोन्ही किनारे आणि पुढे सगळं पाणी एकदम दिसतं. तिथे गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा.

गाडीची उंची आणि बॅटरी किती अँपिअरची आहे ते मालकाकडून विचारून इथे लिहा, मी बघून सांगतो.